अंधसेवेतील पदनामे आणि ग्रामशिक्षक

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



कोकणातील किंवा सातारा-सांगलीकडील कोणतेही गाव घेतले, तरी त्या गावची दोन-चार कुटुंबे मुंबईत माझगाव, लालबाग, परळ या भागांत सापडावयाचीच. कोणी माझगावच्या गोदीत कामाला असतो, कोणाचे वडील पूर्वी गिरणीत होते. गावात एखाद्याला मोठे दुखणे आले म्हणजे मुंबईची वाट धरली जाते, आणि पहिला मुक्काम अशाच एखाद्या नातलगाच्या खोलीवर पडतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ‘दृष्टिहीनांच्या पुनर्वसनक्षेत्रातील पदनामे’ असा आहे. ऐकताना तो कचेरीतील फायलीसारखा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याची सुरुवात माझगावच्या एका खोलीवरून केली, तर त्यातील निकड सहज ध्यानात येईल.

असे समजावे की, एका गावच्या शाळेत इयत्ता चौथीत एक मुलगा आहे. दिवसा तो फळ्यावरचे वाचतो. परंतु संध्याकाळी शाळा सुटताना पायरीवर अडखळतो; खेळात बाजूने येणारा चेंडू त्याला दिसत नाही. गुरुजींना तो वेंधळा वाटतो. पुढे पुढे तो दारालाही धडकू लागतो, तेव्हा आई त्याला घेऊन माझगावला आपल्या भावाकडे येते. मामा गोदीतून रजा काढून त्याला मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात नेतो. तपासण्या होतात. डोळ्याच्या आतील पडद्याचा हा विकार औषधाने वा शस्त्रक्रियेने बरा होणारा नाही, याचे पुनर्वसन करावे, असे डॉक्टर सांगतात. हातात चिठ्ठी पडते. तिच्यावर इंग्रजीत दोन-तीन शब्द असतात. ते कोणाला दाखवावयाचे, हे ना मामाला ठाऊक असते, ना खिडकीवरच्या माणसाला. आईच्या मनात एकच वाक्य राहते: ‘उपाय नाही.’ मुलगा गावी परततो आणि पुढच्या जूनमध्ये त्याचे नाव पटावर असते, पण तो वर्गात नसतो.

या प्रकरणात कोणीही दुष्टपणा केलेला नाही. डॉक्टरांचे बोलणे त्यांच्या कक्षेत खरेच होते. त्यांच्या शास्त्रापाशी उपाय नव्हता. परंतु एका व्यवसायाचे ‘नाही’ हे सर्व व्यवसायांचे ‘नाही’ समजले गेले, आणि एका मुलाचे शिक्षण संपले. त्या मुलासाठी काम करू शकणारी आणखी चार-पाच माणसे होती. त्यांची नावे मात्र कोणी उच्चारली नाहीत. पदनामांचा विचार करावयाचा तो एवढ्याचसाठी. कोणाकडे जावे, या प्रश्नाचे उत्तर पदनामातच दडलेले असते.

‘पुनर्वसन’ हा शब्द

प्रथम मूळ शब्दच पाहावा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘पुनर्वसन’ हा शब्द अपरिचित नाही. किंबहुना तो फार परिचित आहे, आणि घोटाळा तेथेच होतो. कोयनेच्या धरणामुळे उठलेली गावे, पानशेतच्या १९६१ च्या पुरात घरे गमावलेली पुण्याची माणसे, यांच्या संदर्भात तो शब्द लोकांच्या कानावर पडला. त्याचा लोकांनी घेतलेला अर्थ असा की, घरदार सोडून दुसरीकडे वसावयाचे. अशा स्थितीत ‘मुलाचे पुनर्वसन करा’ असे म्हटल्यावर, मुलाला कोठेतरी दूर नेऊन ठेवणार, असे आईला वाटले तर त्यात नवल नाही.

अंधसेवेतील पुनर्वसन निराळे आहे. त्यात माणूस हलवावयाचा नसतो. ज्या घरात, ज्या गावात, ज्या उद्योगात तो आहे, तेथेच त्याला नव्या रीतीने वावरता यावे, हा त्यात हेतू असतो. चाळिसाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या शेतकऱ्याला विहिरीपर्यंत एकट्याने जाता येणे, पैसे स्पर्शाने ओळखता येणे, गोठ्यातील काम पुन्हा करता येणे, हे पुनर्वसन होय.

यातही एक भेद आहे. जन्मतः दृष्टिहीन असलेल्या बालकाच्या बाबतीत ‘पुनः’ या उपसर्गाला अर्थ उरत नाही. त्याने काही गमावलेले नसते. त्याला सर्वच प्रथम शिकावयाचे असते. म्हणून इंग्रजीत अशा कामाला ‘हॅबिलिटेशन’ असा वेगळा शब्द योजतात. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या विकलांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातील २६ व्या कलमात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. प्राथमिक शिक्षकाचा संबंध बहुतांशी या दुसऱ्या प्रकाराशी येतो, हे त्याने विसरू नये.

माझगावपासून दादरपर्यंत

विशेष शिक्षणाच्या भारतीय इतिहासात माझगावला मानाचे स्थान आहे. ख्रिस्ती धर्मगुरू बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास मुंबईत मूकबधिरांसाठी जी संस्था निघाली, ती भारतातील अशा स्वरूपाची पहिली शाळा मानली जाते. माझगावच्या नेसबिट रस्त्यावर ती नांदली. ती बधिरांची शाळा असली, तरी एक गोष्ट या परिसराने त्या वेळीच सिद्ध केली: एखादे इंद्रिय नसलेल्या मुलाला शिकविता येते आणि ते शिकविण्यासाठी वेगळ्या तयारीचा शिक्षक लागतो.

अंधांच्या शाळा त्यानंतर आल्या. भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे काढली. मुंबईत १९०० साली, दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत असताना, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरला स्थिरावली आणि आज श्रीमती कमला मेहता दादर अंध विद्यालय या नावाने ओळखली जाते. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिचे ठिकाण ताडदेव. पुढे १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच ‘नॅब’, या देशव्यापी संस्थेची स्थापना मुंबईतच झाली. प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी तिच्या कार्यास दीर्घकाळ हातभार लावला. अपंगांसाठी देशातील पहिली खास सेवायोजन कचेरी १९५९ मध्ये उघडली, तीही मुंबईत.

या संस्थांच्या आरंभकाळी पदनामे फार थोडी होती. शिक्षक, वेतकाम वा विणकाम शिकविणारा कारागीर, संगीत शिकविणारा बुवा आणि वसतिगृहाचा अधीक्षक, एवढ्यांत सर्व मावत असे. यात उणेपण एवढेच होते की, अंध माणसाने कोणती कामे करावयाची हे पदनामांनीच ठरवून टाकले होते. खुर्ची विणणे शिकविणारा नेमलेला आहे, म्हणून मुलाने खुर्च्याच विणावयाच्या. रस्त्यावर एकट्याने चालावयास शिकविणारा कोणी नेमलेला नव्हता, म्हणून एकट्याने चालणे हा शिक्षणाचा विषयच नव्हता. ज्या कामाला पदनाम नसते, ते काम सहसा होत नाही.

ब्रेल लिपीच्या बाबतीतही असाच अनुभव आला होता. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा टिंबांच्या पद्धतीत ६३ आकृत्या होतात. भारतीय भाषांसाठी त्यांची योजना करताना निरनिराळ्या व्यक्तींनी निरनिराळे संकेत बसविले. मुंबईचे डॉ. नीलकंठराय यांचा एक संकेत होता, ओरिएंटल ब्रेल हा दुसरा, म्हैसूरचा तिसरा. परिणाम असा की, एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईना. शेवटी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही एकच पद्धती सर्व भारतीय भाषांसाठी स्वीकारली गेली आणि तो गोंधळ मिटला. पदनामांच्या बाबतीत तशी एकवाक्यता अद्याप पुरती आलेली नाही. म्हणून एकाच कामाची दोन-तीन नावे शिक्षकाने ओळखून ठेवणे भाग आहे.

पदनामे कशी बदलली

पदनामे का बदलतात, हे समजण्यासाठी परदेशातील दोन उदाहरणे उपयोगी पडतील.

पहिले उदाहरण पांढऱ्या काठीचे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले अमेरिकन सैनिक पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात येत असत. तेथे रिचर्ड हूवर यांनी लांब काठी वापरण्याची पद्धतशीर रीत बसविली. पुढचे पाऊल जेथे पडणार, ती जागा काठीच्या टोकाने आधी तपासावयाची. काठी शरीरासमोर डावीकडून उजवीकडे कमानीसारखी फिरवावयाची. उजवे पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे असावयाचे, आणि उलट. पुढे १९४८ पासून शिकागोजवळील हाइन्स येथे हे शिक्षण अधिक शास्त्रशुद्ध झाले. त्या केंद्राचे प्रमुख रसेल विल्यम्स हे स्वतः युद्धात दृष्टी गमावलेले होते. तेथील शिकविणाऱ्यांना ‘ओरिएंटर’, म्हणजे दिशा उमगवून देणारा, असे म्हणत. १९६० मध्ये बॉस्टन कॉलेजने हा विषय विद्यापीठीय पातळीवर आणला, तेव्हा ग्रीक भाषेतून ‘पेरिपॅटॉलॉजिस्ट’ असे भारदस्त नाव घडविले गेले. ते नाव टिकले नाही. सामान्य माणसाला त्यातून काहीच बोध होईना. आज ‘ओरिएंटेशन अँड मोबिलिटी स्पेशॅलिस्ट’ हे नाव रूढ आहे. भारदस्त नावाने कामाला प्रतिष्ठा येते खरी. पण गरजू माणसाला ते नाव समजले नाही, तर ती प्रतिष्ठा वाया जाते.

दुसरे उदाहरण ‘होम टीचर’चे. इंग्लंडमध्ये स्वतः अंध असलेल्या विल्यम मून यांनी १८४५ मध्ये बोटांनी वाचावयाची उठावाची लिपी तयार केली. ती शिकविण्यासाठी अंधांच्या घरोघर जाणारे शिक्षक नेमले गेले. तेच होम टीचर. ते वाचन शिकवीत, हातकाम शिकवीत आणि घरातील अडचणीही समजून घेत. कालांतराने त्यांना अमेरिकेत ‘रिहॅबिलिटेशन टीचर’ आणि पुढे ‘व्हिजन रिहॅबिलिटेशन थेरपिस्ट’ म्हणू लागले. ब्रिटनमध्ये ‘रिहॅबिलिटेशन ऑफिसर’ हे नाव आले, तर मुलांसाठी काम करणाऱ्याला ‘हॅबिलिटेशन स्पेशॅलिस्ट’ असे स्वतंत्र नाव मिळाले. नावे चार झाली, तरी काम मूळचेच राहिले. दृष्टी नसलेल्या माणसाला स्वयंपाक, कपडे, पैसे, वाचन, लेखन हे सर्व हाताने आणि कानाने करावयास शिकविणे, हेच ते काम होय.

कायद्याने दिलेली नावे

भारतात या नावांना कायद्याचा आधार आहे. संसदेने १९९२ मध्ये भारतीय पुनर्वसन परिषदेचा अधिनियम संमत केला. तो जून १९९३ पासून अमलात आला. या क्षेत्रातील अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि प्रशिक्षित व्यक्तींची नोंद केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत ठेवणे, ही परिषदेची मुख्य कामे होत. पुनर्वसन व्यावसायिक म्हणून ज्या वर्गांची नावे परिषदेने धरली आहेत, त्यांत विशेष शिक्षक, चलनवलन तज्ज्ञ, व्यवसाय समुपदेशक, सेवायोजन अधिकारी, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन समाजकार्यकर्ता, समाजाधारित पुनर्वसन कार्यकर्ता, पुनर्वसन कार्यशाळा व्यवस्थापक इत्यादींचा समावेश आहे. नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून व्यवसाय करणाऱ्यास १ वर्षापर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद या कायद्यात आहे.

शिक्षकाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा. गावात कोणी येऊन ‘अंध मुलांना शिकवितो’ असे सांगितले, तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. खरा व्यावसायिक तो आनंदाने दाखवील.

दिव्यांग व्यक्तींचा हक्क अधिनियम २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या दिल्या आहेत. चांगल्यातल्या चांगल्या चष्म्यानेही, दोहोंपैकी बऱ्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे, किंवा दृष्टीचे क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे, हे अंधत्व होय. दृष्टी ६/१८ हून अधिक नसून ३/६० पर्यंत असणे, किंवा क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असून १० अंशांपर्यंत असणे, ही अल्पदृष्टी होय. ६/१८ याचा अर्थ असा की, निकोप डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसते, ते या मुलाला ६ मीटरवर यावे तेव्हा दिसते. आरंभी सांगितलेल्या मुलाला फळा दिसत होता, कारण त्याची मधली दृष्टी शाबूत होती. आक्रसले होते ते दृष्टीचे क्षेत्र. तो जणू नळीतून जग पाहत होता. अशा मुलाला वेंधळा म्हणणे हा अन्याय आहे. या कायद्याच्या ३१ व्या कलमाने, विहित प्रमाणात म्हणजे ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

कोण काय करतो

आता त्याच मुलाच्या वाटेवर कोणाकोणाची गाठ पडावयास हवी, ते क्रमाने पाहावे.

नेत्रचिकित्सा अधिकारी: हा बहुधा ग्रामीण रुग्णालयात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटतो. ‘अधिकारी’ या शब्दावरून तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असावा असा समज होतो; पण तसे नसते. दृष्टी मोजणे, चष्म्याचा क्रमांक काढणे, प्राथमिक तपासणी करणे आणि गरज पडल्यास पुढे पाठविणे, हे त्याचे काम. शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही मुलांना पुढील तपासणीसाठी पाठवू शकते. या कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला.

नेत्रतज्ज्ञ: हा वैद्यकीय पदवीनंतर डोळ्यांचे विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर. रोगाचे निदान व उपचार त्याच्याच हाती. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही येतो आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. म्हणून कोणतेही मूल प्रथम नेत्रतज्ज्ञाने तपासलेच पाहिजे. ही पायरी गाळून पुढे जाऊ नये. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही वैद्यकीय तपासणीनंतरच मिळते.

अल्पदृष्टी तज्ज्ञ: उरलेल्या दृष्टीचा जास्तीत जास्त उपयोग कसा करावा, हे हा ठरवितो. भिंग, लहान दुर्बीण, मोठी अक्षरे, योग्य उजेड, गडद पार्श्वभूमीवर फिकट वस्तू, ही त्याची साधने. ‘अल्पदृष्टी’ म्हणजे ‘अंध’ नव्हे. ज्याला भिंगाने वाचता येते, त्याच्यावर केवळ ब्रेल लादणे जितके चूक, तितकेच ज्याची दृष्टी जात आहे त्याला ब्रेलपासून दूर ठेवणे चूक.

विशेष शिक्षक: हा दृष्टिदोषाच्या विशेष शिक्षणाची पदविका वा पदवी घेतलेला असतो. ब्रेल, गणितासाठी टेलर फ्रेम व ॲबॅकस, उठावाचे नकाशे, बोलणारे संगणक यांचे शिक्षण त्याच्याकडे. तो अंधशाळेत असेल किंवा सामान्य शाळांना भेटी देणारा असेल. भेटी देणाऱ्यास फिरता शिक्षक म्हणतात. १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली, पुढे सर्व शिक्षा अभियान आले, २०१८ पासून समग्र शिक्षा आली. योजनेबरोबर या व्यक्तीचे नावही बदलत गेले. कोठे तो विशेष शिक्षक, कोठे समावेशित शिक्षणाचा विशेषतज्ज्ञ, कोठे साधनव्यक्ती. गट साधन केंद्रात चौकशी करताना जुने नाव सांगून ‘असे कोणी नाही’ हे उत्तर मिळाले, तर परत फिरू नये. काम सांगून विचारावे.

चलनवलन प्रशिक्षक: स्वतःची जागा ओळखणे, दिशा ठरविणे आणि काठीच्या साहाय्याने सुरक्षित हिंडणे, हे तो शिकवितो. ‘ओरिएंटेशन अँड मोबिलिटी’ अशी चिठ्ठीवरची अक्षरे बहुधा याच्यासाठी असतात. आरंभीच्या मुलाला तातडीने गरज होती ती याची. त्याच्या शाळेची पायरी, विहीर, ओढ्यावरचा साकव, हे सर्व दृष्टी पुरती जाण्याआधी पायांना आणि कानांना पाठ व्हावयास हवे होते.

समुपदेशक व पुनर्वसन समाजकार्यकर्ता: हे मुलापेक्षा घराशी अधिक बोलतात. आईच्या मनातील ‘उपाय नाही’ हे वाक्य खोडून काढण्याचे काम त्यांचे.

समाजाधारित पुनर्वसन कार्यकर्ता: संस्थेत न बसता गावातच काम करणारा हा मनुष्य. घरच्या माणसांकडून मुलाला दैनंदिन कामे शिकवून घेणे, हे त्याचे तंत्र. जुन्या होम टीचरचाच हा गावातील वारस म्हणावयास हरकत नाही.

व्यवसाय मार्गदर्शक, सेवायोजन अधिकारी व कार्यशाळा व्यवस्थापक: यांची गाठ शाळेनंतर पडते. परंतु त्यांच्याकडे जाणारा रस्ता प्राथमिक शाळेतून जातो. जो मुलगा चौथीतच घरी बसला, त्याला सेवायोजन अधिकारी काय देणार?

शिक्षकाचे स्थान

एवढी मोठी नामावली ऐकल्यावर दोन प्रकारचे चुकीचे विचार मनात येणे शक्य आहे.

पहिला विचार असा की, एवढे तज्ज्ञ असताना सामान्य शिक्षकाचे येथे काम काय? हा विचार घातक आहे. तज्ज्ञ महिन्यातून एखाद्या वेळी येईल. शिक्षक रोज भेटतो. मुलाला पहिल्या ओळीत, उजेडाकडे पाठ करून बसविणे. फळ्यावर जे लिहिले ते मोठ्याने वाचणे. ‘हे’, ‘ते’, ‘इकडे’ असे न म्हणता ‘तुझ्या उजव्या हाताला दरवाजाजवळ’ असे सांगणे. वर्गातील बाके व माठ यांची जागा बदलली तर त्याला हाताने दाखविणे. या गोष्टींना कोणतीही पदविका लागत नाही. त्याला वाट दाखविताना त्याचा दंड धरून ढकलू नये. आपला हात पुढे करावा, त्याने कोपराच्या किंचित वर धरावे आणि अर्धे पाऊल मागून चालावे. वर्गातील मुलांनाही हे एका दिवसात शिकविता येते.

दुसरा विचार याच्या उलट: प्रेमाने सर्व काही होते, तज्ज्ञ कशाला? हाही विचार तितकाच घातक आहे. प्रेमाने ब्रेल येत नाही. प्रेमळ शिक्षकाने हात धरून रोज घरी पोहोचविलेला मुलगा तो शिक्षक बदलून गेल्यावर पुन्हा घरात बसतो. चलनवलन प्रशिक्षकाने शिकविलेला मुलगा त्यानंतरही चालतो.

पदनामाचा आणखी एक पैलू आहे. गावात दृष्टिहीन मुलाला त्याच्या नावाने फार थोडे लोक हाक मारतात. कोणी ‘सूरदास’ म्हणतो, कोणी आणखी काही. यात हेतू नेहमी वाईट असतो असे नाही. परंतु हे चिकटलेले नाव त्या मुलाचे जणू पदनामच होऊन बसते आणि त्याचे भवितव्य ठरविते. ज्याला सर्व गाव सूरदास म्हणतो, त्याच्या हाती कोणीतरी टाळ देतो, पाटी कोणी देत नाही. शाळेच्या पटावर त्याचे पूर्ण नाव इतरांप्रमाणेच लिहिलेले असते. हजेरी घेताना ते नाव स्पष्टपणे उच्चारणे आणि वर्गानेही तेच वापरावे असा आग्रह धरणे, हे शिक्षकाचे काम आहे. ते दुसरा कोणताही तज्ज्ञ करू शकत नाही.

समारोप

शेवटी एक साधी विनंती करून हे व्याख्यान संपविणे योग्य होईल. प्रत्येक शाळेने एक पानाची नोंद तयार करावी. तिच्यात पाच ओळी असाव्यात: जवळच्या रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी, जिल्हा रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ व प्रमाणपत्र देण्याचा वार, गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक, चलनवलन शिकविणारी जवळची संस्था, आणि जिल्ह्यातील वा विभागातील अंधशाळा. प्रत्येक ओळीत पदनाम, त्या व्यक्तीचे काम एका वाक्यात, बसण्याचे ठिकाण आणि दूरध्वनी असावा. ही माहिती केंद्रप्रमुखांमार्फत एका महिन्यात जमविता येण्यासारखी आहे. दरवर्षी जूनमध्ये ती तपासून घ्यावी, कारण माणसेही बदलतात आणि पदनामेही बदलतात.

असे पान शाळेत असते, तर आरंभीच्या मुलाची गोष्ट निराळी झाली असती. आई माझगावला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत त्या पानाची नक्कल असती. रुग्णालयातून चिठ्ठी मिळाल्यावर मामाने तिच्यावरचे इंग्रजी शब्द पानावरच्या मराठी शब्दांशी ताडून पाहिले असते. दादर कोठे, वरळी कोठे, हे त्याला गोदीतील कोणीही सांगितले असते. कोणाला भेटावयाचे, हे त्या पानाने सांगितले असते. डोळ्यांचा विकार तसाच राहिला असता. परंतु पुढच्या जूनमध्ये हजेरी घेताना त्या नावाला वर्गातून ‘हजर’ असे उत्तर आले असते.